एक लायसन्स, दोन सुनावण्या

सोमवारी सव्वाअकराच्या सुमाराला नवराबायको माझ्या टेबलापाशी आले, तेव्हा त्याच्या शर्टाच्या खिशात पाचशेच्या वीस नोटा होत्या. आडतदाराकडून घेतलेली उचल. कोर्टाच्या फाटकाबाहेर एकाने त्याला सांगितलं होतं, "आत जायचं, गुन्हा कबूल म्हणायचं, दहा हजार भरायचे, अर्ध्या तासात मोकळा." या सल्ल्याचे त्याने वेगळे पाच हजार मागितले होते. बायकोची नजर भिंतीवरच्या मोफत विधी सेवेच्या पाटीवर पडली. ती आत आली, शिपायाला विचारलं, शिपायाने तालुका विधी सेवा समितीच्या खोलीकडे बोट दाखवलं. त्या दिवशी समितीच्या मोफत वकिलांच्या पॅनेलवर मी होते.

ही हकिगत त्या दोघांना विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. लिहावंसं वाटलं, कारण दारू पिऊन गाडी चालवल्याच्या केसमध्ये वकिलाची गरजच नसते असा समज घट्ट आहे. दंड ठरलेला, कबुली ठरलेली, मग वकील कशाला? या प्रकरणात शेवटी कबुलीच दिली गेली आणि दंडही भरला गेला. तरीही पहिल्या सोमवारची कबुली आणि सहा महिन्यांनंतरची कबुली यांत त्या घरासाठी फार मोठा फरक होता.

तो चौतिशीतला, पिकअपवर चालक. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचे क्रेट उचलायचे आणि रात्रीतून वाशीला पोचवायचे, हे त्याचं काम. २०२५ च्या एप्रिलात चुलतभावाची हळद होती. त्या शनिवारी फेरी नव्हती, म्हणून तो मोटारसायकलवर गेला. प्यायला. बायको नको म्हणत असताना निघाला. ती मुलांना घेऊन मागे थांबली. पुणे-नाशिक रस्त्यावर नाकाबंदी होती. रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी त्याला थांबवलं, यंत्रात फुंकायला लावलं, पावती आली ६८. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे.

मांडवात कोणीतरी त्याला सांगून ठेवलं होतं, "पकडलंच तर फुंकायचं नाही." त्याने ते ऐकलं नाही, हे त्याच्या भल्याचंच झालं. योग्य कारण नसताना चाचणीला नकार दिला, तर तो नकार सरकार पक्षाच्या पुराव्याला बळ देणारी गोष्ट मानता येतो, असं कलम २०५ सांगतं. शिवाय नकार देणाऱ्याला अटक करून रक्ताचा नमुना मागता येतोच.

पुढचे चार तास त्याला नीट सांगता येत नव्हते. मी कागदांवरून आणि मेव्हण्याच्या फोनमधल्या वेळांवरून ते जुळवले. ठाण्यात नेलं. गाडी आवारात लावली, लायसन्स काढून घेतलं. ग्रामीण रुग्णालयात रक्त घेतलं ते २ वाजून २० मिनिटांनी. साडेतीनला जामिनावर सोडलं. मधल्या वेळात चार ठिकाणी सह्या घेतल्या, त्यांतला एकही कागद त्याने वाचला नव्हता. लायसन्सची पोच दिलेली नव्हती. हा गुन्हा जामीनपात्र आहे, म्हणजे जामीन हा हक्क आहे. अटकेचं कारण सांगणं आणि घरच्यांना कळवणं ही पोलिसांची जबाबदारी आहे. पण घरी फोन केला तो त्याने स्वतः, दुसऱ्या एकाचा मोबाइल मागून.

"मॅडम, मी प्यालो होतो. खोटं बोलणार नाही," हे त्याचं माझ्याशी पहिलं वाक्य.

"खोटं बोलायला मी सांगणारही नाही," मी म्हटलं. "पण तुमच्यावर काय काय लावलंय ते वाचलंत का?"

वाचलं नव्हतं. कागद मागवून पाहिले तर कलम १८५ च्या जोडीला भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ होतं: सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे, माणसांच्या जिवाला धोका होईल असं वाहन चालवणं. नाकाबंदीच्या रांगेत तो पुढच्या टेम्पोमागे थांबलेला होता. अपघात नाही, कोणाला लागलं नाही, कोणाची तक्रार नाही. प्यायलेला माणूस म्हणजे बेदरकार असं गृहीत धरून ते कलम जोडलं गेलं होतं. फाटकावरच्या सल्ल्याप्रमाणे "गुन्हा कबूल" म्हटलं असतं, तर दोन्ही गुन्ह्यांची कबुली नोंदली गेली असती. आणि कबुलीवरून झालेल्या शिक्षेवर अपिलाचा मार्ग जवळजवळ बंद होतो. शिक्षा किती आणि कायदेशीर की नाही, एवढ्यापुरतंच मग भांडता येतं.

आमच्याकडे आधी पात्रता बघावी लागते. पुरुष, कोठडीत नाही, म्हणून उत्पन्नाचा निकष. महाराष्ट्रात ही मर्यादा वर्षाला ३ लाख रुपये आहे. त्याची कमाई फेऱ्यांवर, त्यामुळे प्रतिज्ञापत्र करून घेतलं. एकदा अर्ज मंजूर झाला की वकिलाला एक रुपयाही द्यायचा नसतो, हे मी त्याला दोनदा सांगितलं. दोनदा अशासाठी, की मोफत वकील नंतर हात पसरतो अशी भीती लोकांच्या मनात असते. असं कोणी केलंच तर समितीकडे तक्रार करावी.

त्या दिवशी न्यायालयात आम्ही एवढंच म्हटलं: कागदांच्या प्रती हव्यात, त्यासाठी वेळ द्यावा. तारीख मिळाली. तो बाहेर आला तेव्हा चेहरा उतरलेला. त्याला वाटलं होतं की आज सुटणार, आणि मी तर केस लांबवली. त्याची नाराजी मला समजत होती. आडतदाराच्या पैशांवर दिवस चढत होते.

दहा हजार परत करून या, असं मी त्याला सांगितलं. आणि मग जी गोष्ट त्याला कोणीही सांगितली नव्हती ती सांगितली. या एका रात्रीच्या दोन वेगळ्या सुनावण्या होणार होत्या. एक न्यायालयात, गुन्ह्याची. दुसरी परिवहन कार्यालयात, लायसन्सची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पोलीस अशा प्रकरणात लायसन्स जप्त करून ते परवाना प्राधिकरणाकडे पाठवतात. ते प्राधिकरण चालकाचं म्हणणं ऐकून पहिल्या खेपेला ३ महिने अपात्र ठरवू शकतं, दुसऱ्या खेपेला लायसन्स रद्दच होतं. न्यायालयात दंड भरला म्हणून लायसन्स परत मिळत नाही. तो पकडला गेला मोटारसायकलवर, पण मोटारसायकलचं आणि पिकअपचं लायसन्स एकच होतं. त्यामुळे घरातली चूल कोर्टाच्या निकालापेक्षा परिवहन कार्यालयाच्या निकालावर जास्त अवलंबून होती.

दुसऱ्याच दिवशी पोलीस ठाण्याला अर्ज दिला: लायसन्स कोणत्या तारखेला जप्त केलं त्याची लेखी पोच द्यावी. कायद्यातच तशी तरतूद आहे. दोन हेलपाटे पडले, पण पोच मिळाली. या कागदाला मी इतकं महत्त्व का देते आहे ते त्याला तेव्हा कळलं नाही. त्या पोचेवर गाडी चालवता येत नाही, हेही लगेच बजावलं. आडतदार त्याला म्हणत होता, "रात्रीच्या फेऱ्या कर, कोण बघतंय?" मी बायकोलाही समोर बसवून सांगितलं की आता एक जरी फेरी केली तर तो नवा गुन्हा. अपात्र ठरवल्यावर चालवलं तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार दंड, किंवा दोन्ही. आणि त्या फेरीत अपघात झाला, तर विमा कंपनी जखमीला पैसे देऊन नंतर ते वसूल करायला मागे लागू शकते. तीन महिने तो त्याच बाजारात क्रेट उचलायला लागला, हमाल म्हणून. ज्या पिकअप तो चालवायचा त्या भरायला. हे त्याला किती जड गेलं असेल ते मी बघितलं आहे. चोरून एकही फेरी त्याने केली नाही.

मोटारसायकलसाठी न्यायालयात वेगळा अर्ज केला. जप्त वाहनं ठाण्याच्या आवारात गंजत ठेवू नयेत, बंधपत्र घेऊन लवकर परत द्यावीत, असं सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ मध्येच सांगून ठेवलं आहे. आठ दिवसांत गाडी मिळाली. मेव्हणा चालवत घेऊन गेला.

मग कागद आले, आणि माझं खरं काम सुरू झालं.

अशा केसमध्ये वकिलाने आधी यंत्राकडे बघायचं असतं. पावतीवर वेळ आहे का, नाव बरोबर आहे का, यंत्राची तपासणी शेवटची कधी झाली, त्याचं प्रमाणपत्र जोडलं आहे का. अनेक यंत्रं चाचणीआधी रिकामी हवा तपासून शून्य दाखवतात, तो आकडा छापला आहे का. नुकतीच दारू प्यायली असेल किंवा दारूचा अंश असलेलं औषध वा माउथवॉश घेतला असेल, तर तोंडातच अंश राहून आकडा फुगू शकतो. म्हणून फुंकण्याआधी काही मिनिटं थांबवणं योग्य असतं. मग रक्ताचा नमुना. सुई टोचण्याआधी त्वचा स्पिरिटने पुसली का? बाटलीत रक्त टिकवणारं रसायन होतं का? सील कोणी लावलं, प्रयोगशाळेपर्यंत कोणी नेलं? मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, आणि त्यानंतर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. तेव्हापासून या साखळीकडे सगळेच जास्त बारकाईने बघतात. बघायलाच हवं. तिथे नमुना बदलल्याचा आरोप पैसेवाल्याला वाचवण्यासाठीचा होता. गरिबाच्या बाबतीत निष्काळजीपणा उलट बाजूनेही होऊ शकतो.

आमच्या कागदांत यंत्राचं प्रमाणपत्र होतं. नमुन्याचा प्रवास नोंदवलेला होता. डॉक्टरांनी भरलेल्या फॉर्ममध्ये त्वचा कशाने पुसली तेही लिहिलेलं होतं. राहिला प्रयोगशाळेचा अहवाल. तो यायला सप्टेंबर उजाडला. आकडा ३८.

त्याच्या मेव्हण्याने कुठेतरी ऐकलं होतं की अटकेपासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही तर केस पडते. आमच्याकडे २ तास ४० मिनिटं झाली होती. तो मोठ्या आशेने माझ्याकडे आला. मला त्याला निराश करावं लागलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०२ मध्ये दोन तासांची अट आहे हे खरं. पण ती मोडली तर काय व्हायचं तेही तिथेच लिहिलं आहे: त्या माणसाला कोठडीतून सोडायचं. तो गुन्ह्यातून सुटतो असं तिथे लिहिलेलं नाही. त्याच रात्री कोणी वकील हजर असता, तर या अटीचा उपयोग करून त्याला तास-दीड तास आधी घरी नेता आलं असतं. सप्टेंबरात तिचा उपयोग फारसा उरला नव्हता.

दुसरा एक मुद्दाही मी तपासला. नुसता तोंडाचा वास, डगमगती चाल, अडखळतं बोलणं यांवरून माणूस दारूच्या अंमलाखाली होता असं सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये बच्चूभाई हसनअली करियानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात म्हटलं आहे. ज्या केसमध्ये चाचणीच नाही तिथे हा निकाल आजही उपयोगी पडतो. आमच्याकडे तर दोन चाचण्या होत्या.

आणि त्या दोन्ही एकमेकींशी जुळत होत्या. शरीर दारू जिरवतं ते साधारण तासाला १० ते २० मिलिग्रॅम या गतीने, दर १०० मिलिलिटर रक्तामागे. ११.४० ला ६८, २.२० ला ३८. दोन तास चाळीस मिनिटांत ३० ने उतरलं, म्हणजे तासाला ११ च्या आसपास. यंत्र चुकलं असं म्हणायला मला जागा दिसेना. मी वहीवर गणित मांडून त्याला दाखवलं. तो बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत बसला.

"म्हणजे लढण्यात अर्थ नाही," तो म्हणाला.

"१८५ वर नाही. २८१ वर आहे."

यात वकिलाची परीक्षा असते असं मला वाटतं. तारखा घेत दोन वर्षं काढणं सोपं होतं. साक्षीदार पोलिसाची बदली होते, पंच फितूर होतात, आणि कधी कधी केस सुटतेही. पण प्रत्येक तारखेला त्याची एक दिवसाची हजेरी बुडणार होती. आणि खरं सांगायचं तर त्या रात्री तो रस्त्यावर होता तेव्हा त्याच रस्त्यावर दुसऱ्या कोणाची तरी लेकरंही होती. पुराव्यात खोट असती तर मी शेवटपर्यंत लढले असते, ते माझं कर्तव्यच आहे. खोट नाही हे दिसल्यावर त्याला तसं स्पष्ट सांगणं हेही कर्तव्यच. निर्णय त्याचा होता. त्याने कबुलीचा घेतला.

परिवहन कार्यालयाची सुनावणी यापूर्वीच, जूनच्या अखेरीला होऊन गेली होती. ती हातून निसटतच होती. नोटीस लायसन्सवरच्या जुन्या पत्त्यावर, गावाकडे गेली होती. तो राहतो बाजाराजवळच्या भाड्याच्या खोलीत. आम्ही मे महिन्यातच नव्या पत्त्याचा अर्ज देऊन तारीख विचारत राहिलो होतो, म्हणून कळलं. गैरहजर राहिला असता तर त्याच्या बाजूने बोलणारं कोणी नसताना आदेश झाला असता.

तिथे मी एक मागणी केली. कायद्याचे शब्द असे आहेत की लायसन्सवरच्या सगळ्या किंवा कोणत्याही एका वर्गाच्या वाहनांसाठी अपात्र ठरवता येतं. गुन्हा मोटारसायकलवरचा, म्हणून अपात्रता मोटारसायकलपुरती ठेवावी, पिकअप चालवू द्यावी. अकरा वर्षांत कामाच्या गाडीवर त्याचा एकही अपघात किंवा गुन्हा नव्हता, तेही मांडलं. अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकलं आणि मागणी नाकारली. दुचाकीवर प्यायलेला माणूस दीड टन माल घेऊन घाट उतरताना वेगळा कसा, असं त्यांचं म्हणणं. मी वाद घातला, पण त्यांच्या म्हणण्यात वजन होतं, हे इथे लिहायला मला संकोच वाटत नाही. आदेश झाला, सगळ्या वर्गांसाठी ३ महिने. या आदेशावर ३० दिवसांत अपील करता येतं. आम्ही केलं नाही.

दुसरी मागणी मात्र मान्य झाली. लायसन्स एप्रिलपासून जप्त आहे, तेव्हापासून तो गाडीवर बसलेला नाही, तेव्हा ३ महिने जप्तीच्या तारखेपासून मोजावेत. ती तारीख सिद्ध करणारा कागद होता ठाण्याकडून हेलपाटे घालून आणलेली ती पोच. आदेशाच्या दिवसापासून मोजले असते तर तो सप्टेंबरअखेरपर्यंत हमालीच करत राहिला असता. जुलै संपता संपता, उजळणी प्रशिक्षण पूर्ण करून, तो पुन्हा पिकअपवर बसला.

मधल्या काळात आडतदाराने अजून एक सुचवलं होतं, की लोकअदालतीत निम्म्यात मिटव. ई-चलनाचे दंड तिथे मिटतात, म्हणून लोकांना हेही मिटेल असं वाटतं. पण कलम १८५ चा गुन्हा तडजोडीने मिटणाऱ्यांच्या यादीत नाही, आणि असा गुन्हा तडजोडीने निकाली काढण्याचा अधिकार लोकअदालतीला नाही. न्यायाधीशांपुढे उभं राहावंच लागतं.

ऑक्टोबरात तो उभा राहिला. कलम २८१ बाबत आम्ही नाकबूल म्हटलं आणि कागदांत बेदरकारपणाचा एकही साक्षीदार किंवा प्रसंग नाही हे दाखवून दिलं. न्यायालयाने त्या कलमाखालची कारवाई थांबवली. १८५ बाबत त्याने स्वतः, कोणी न सांगता, "कबूल आहे, पुन्हा होणार नाही" असं म्हटलं.

शिक्षेवर मी बोलले ते एका गोष्टीसाठी. पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा १० हजार दंड, किंवा दोन्ही. दंडाचा आकडा कायद्यातच बांधलेला आहे, त्यावर घासाघीस नाही. पण पुष्कळदा दंडाच्या जोडीला "न्यायालय उठेपर्यंत कैद" दिली जाते. लोकांना ती शिक्षा वाटतच नाही. संध्याकाळपर्यंत बाकावर बसायचं आणि घरी जायचं, एवढंच. कागदावर मात्र ती कैदेचीच शिक्षा असते. हा माणूस एसटीच्या चालक भरतीकडे डोळे लावून बसला होता. उद्या अर्जात "कैदेची शिक्षा झाली आहे का" असा रकाना आला तर त्याला हो लिहावं लागलं असतं. हमालीची हजेरी दाखवणारं बाजारातलं पत्र, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि परिवहन कार्यालयाचा आदेश मी पुढे ठेवला. न्यायाधीशांनी ते तिन्ही वाचले. फक्त दंडाची शिक्षा झाली. दोषसिद्धीची नोंद राहिली, ती कोणालाच पुसता आली नसती. पुढच्या खेपेला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार दंड, किंवा दोन्ही, आणि लायसन्स कायमचं जाण्याची वेळ, हे मी त्याला तिथेच, पावती हातात असताना सांगितलं.

यावेळचे दहा हजार त्याचे स्वतःचे होते, ऑगस्ट-सप्टेंबरच्या फेऱ्यांतून साठवलेले. कोर्टात पैसे जमा करून घेणाऱ्या नाझरकडे भरले, पावती नीट घडी करून बायकोकडे दिली.

ती पिशवीत पावती ठेवत थोडी घुटमळली. मग म्हणाली, "मॅडम, माझ्या बहिणीला नवऱ्याने टाकलंय. पोटगीसाठी वकील मिळेल का इथून? तिच्याकडे उत्पन्नाचा दाखला नाही."

"बाईला दाखला लागत नाही," मी म्हटलं. "उत्पन्न कितीही असू दे. तिला आधी विधी सेवेच्या हेल्पलाइनला, १५१०० वर, फोन करायला सांगा, नाहीतर सरळ सोमवारी घेऊन या."

तिने नंबर पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतला.